कोरी नळी

आधी लाल पेशी फुटतात.
त्यांचं काही जात नाही, त्यांच्यापाशी गाठोडं नसतंच;
हाडाच्या पोकळीतून बाहेर पडतानाच
केंद्रक मागे टाकून येतात, प्राणवायूला जागा हवी म्हणून.
मोजायच्या असतात पांढऱ्या.
आणि गंमत अशी, की पिशवीत त्या जवळजवळ नाहीतच.
गाळून काढल्यात. परक्या देहात जाऊन भांडण नको, ताप नको.
किती उरल्या? एवढंच विचारतात.

डंडीतली ही इमारत पूर्वी तागाची गिरणी होती.
इशबेल गेडिसची आजी इथे चात्यांपुढे उभी राहायची.
त्या गोंगाटात बाया ओठ वाचून बोलायच्या.
इशबेल अजूनही माझ्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघते.
तिच्या कपाटात एक जुनं मोजयंत्र आहे, अंगठ्याने दाबायचं.
वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली चौकटी बघितल्या तिने,
एक दाब, एक पेशी,
शंभर चौकटींत एखादी, आणि कधी तीही धूळच.

आता आम्ही पेशी शोधत नाही.
सगळ्या फोडतो आणि आतला धागा तोलतो.
पंगत उठून गेल्यावर
आचाऱ्याने उष्ट्या पत्रावळी मोजाव्यात, तसं.

हे मला इथे कुणी शिकवावं लागलं नाही.
इचलकरंजीला आमचे अण्णा सायझिंगमध्ये होते.
सुताची लडी तराजूत टाकायचे
आणि काटा थांबायच्या आत म्हणायचे, चाळीस काउंट.
धागा पट्टीने मोजत नाहीत, पोरी.
अण्णा, एका पेशीचं सूत भरतं साडेसहा पिकोग्रॅम.
तुमच्या तराजूला ते कळणार नाही. माझ्याही.
म्हणून मी प्रत काढते, प्रतीची प्रत, चाळीस फेऱ्या,
कितव्या फेरीला उजेड दिसतो
त्यावरून मागे मागे मोजत येते.

मंगळवारी रात्री कोरी नळी उजळली.

कोरी म्हणजे नुसतं पाणी.
दर खेपेला एक ठेवायचीच, आपलंच खोटं पकडायला.
छत्तिसाव्या फेरीला रेघ उठली,
आकडा आला: अडीच.
अर्धी कुठली? मी विचारलं.
इशबेल माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली,
"तूच असशील. नाहीतर मी."
मास्क नाकाखाली उतरला होता का?
हातमोज्याच्या वर मनगट खाजवलं होतं?
आठवेना.

या देशात इतके फॉर्म भरले,
‘इतर’ या चौकटीत खूण केली,
पण इतक्या थोडक्यात कधी मोजली गेले नव्हते.
अडीच.
चूक असण्याची शक्यता बरीच, हेही खाली छापून येतं.

वहीत लिहिलं: दूषित. पुन्हा करणे.
अकरा पिशव्या अडल्या.
खाली पर्थला जाणारी गाडी
इंजिन चालू ठेवून उभी.
ब्लीचने ओटा पुसला, पिपेट पुसलं, दाराची मूठ,
जिथे जिथे मी असू शकत होते
तिथून मला पुसलं. दोनदा.

पहाटे सव्वाचारला कोरी नळी कोरी निघाली.
चाळीस फेऱ्या, सपाट रेघ.
रस्त्यापलीकडच्या इस्पितळात अशी रेघ दिसली
की माणसं धावत सुटतात.
आम्ही चहा ठेवला.
दहा पिशव्या गेल्या. अकरावीत पांढऱ्या जास्त होत्या,
ती बाजूला काढली; वर नाव नसतं, नुसता क्रमांक,
कुणीतरी हट्टी रक्ताचा.

टे नदीवर अजून काळोख होता.
निघताना इशबेलने ते मोजयंत्र माझ्या कोटाच्या खिशात टाकलं,
मला काय करायचंय आता, असं काहीसं पुटपुटत.
बसथांब्यावर, का कुणास ठाऊक, एकदा दाबलं.
ती शून्यावर आणायला विसरली होती.
चार हजार सातशे बारा होते.
तेरा झाले.