चार कान

विरूपाक्षअप्पांची मोटार बारवेत पडली
त्याच्या तिसऱ्या दिवशी मी पोचलो, नळदुर्गच्या अलीकडं,
पेटीत एक भोंगा आणि पाण्यात ऐकणारे चार कान घेऊन.
"काय ऐकायलालाव ओ सर?" पोरं विचारत होती.
सांगितलं: पाण्यात आवाज सोडायचा.
तो कशाला तरी धडकतो, फुटतो, दहा दिशांना उधळतो.
त्यातलं चिमूटभर माझ्या कानांत पडतं.
तेवढ्यावरून ओळखायचं
तळाशी काय आहे, कुठं आहे, कसं कलंडलंय.

बारव काळ्या दगडाची. प्रत्येक पायरी
न विचारता आपलं उत्तर देते.
दुपारभर मी पायऱ्या वजा करत बसलो,
मग कासवं, मग माझ्याच दोरीची थरथर.
चारच्या सुमाराला पडद्यावर उरलं ते एवढंच:
दोन गोल, मध्ये तिरकी रेघ,
पूर्वेच्या कोनाड्याखाली, अठरा हात खोल.
मोटार अशी नसते, मी म्हणालो.
गाळ असंल, अप्पा म्हणाले.

दस्तगीरनं गळ टाकला, नेमका तिथंच.
वर आली सायकल.

शेवाळानं माखलेली, घंटी जाग्यावर,
मडगार्डवर पांढऱ्या रंगात अर्धंच नाव: मन्म
माझं गणित हातभरही चुकलं नव्हतं.
टाळी कुणी वाजवली नाही.

मन्मथ कंपाउंडर तर सोलापूरला गेलेला,
याच सायकलवर,
असं गाव एकोणतीस वर्षं सांगत आलेलं.
कुणी म्हणालं, इकली असंल त्यानं.
कुणी म्हणालं, तसल्या सायकली लई होत्या तवा.
अप्पा म्हणाले, आधी मोटारीचं बघा.
पाण्याला आलेली एक बाई
घागर रिकामीच घेऊन मागं फिरली.

मी पेटी आवरत होतो, कान आवरत नव्हते.
एकेक वाक्य धडकून येत होतं
मधल्या कशाला तरी,
ज्याच्याकडं कुणी बघत नव्हतं.
कोण किती उशिरा बोललं.
कोण बोलता बोलता वळलं, कुठल्या बाजूला.
एकाच पडसादाचे दोन आकार निघतात,
हे आम्ही पहिल्या वर्षालाच शिकवतो.
तिसराही निघतो. कान वाढवावे लागतात.
माझ्याकडं चारच होते
आणि साडेपाचची शेवटची एसटी.

निघताना दस्तगीरनं अंगठ्यानं घंटी दाबली.
गंजलेली. तरी अर्धी वाजली.
बारव ती परत देत राहिली,
दर खेपेला थोडी उशिरा.