शुद्ध प्रत

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वेलांट्या राखल्या.
सांगलीच्या एका दैनिकात, रात्रपाळीला,
ओल्या प्रुफांच्या वासात.
माझ्या हातून 'आणी' कधी सुटला नाही.
लग्नाच्या पत्रिका लोक अजून मला दाखवून छापतात.

तर त्या रात्री पावणेबाराला फोनवर आलं:
'वरचं धरन फुटल आहे. पानी रात्रि दोन पर्यंत
सांगलित. सर्वानी पूढे पाठवा.'

खरं सांगतो, आधी मला धरण दिसलंच नाही.
मला 'धरन' दिसलं.
न चा ण केला. पानीचं पाणी केलं.
सांगलीला तिची दीर्घ वेलांटी परत दिली,
सर्वांच्या डोक्यावर टिंब ठेवलं,
आणि 'पुढे'चा उकार ऱ्हस्व करून
पुढे पाठवलं.

त्रेचाळीस जणांना. सगळे गावभागातले.
जिथं भिंतीभिंतीवर त्या वर्षीच्या पाण्याची रेघ आहे,
कितीही रंग द्या, खालून उमटून येते.

मग खिडकीशी बसून ऐकत राहिलो:
शटर वर जाताना,
कुणाचा तरी फ्रिज जिन्यात आपटताना,
एक बाई सारखी 'कागदं घेतली का, कागदं' म्हणताना.
दोन वाजले.
अडीच.
रस्ता कोरडा. कुत्रीसुद्धा झोपून गेली.

पहाटे आयर्विन पुलावर गेलो.
आकडे रंगवलेले आहेत, कुणालाही वाचता येतात,
चष्म्याशिवाय.
अठरा फूट.
खाली एक पोरगं गळ टाकून बसलं होतं.
"रात्री चढलं का रे पाणी?"
"काल सतरा हुतं. तुम्ही आत्ता आला व्हय?"

आत्ता आलो.
घरापासून पूल अकरा मिनिटांवर आहे.
छापखान्यात असतो तर समासात लाल शाईने
लिहिलं असतं, कोण म्हणालं?
आणि कागद उपसंपादकाच्या टेबलावर परत ठेवला असता.
प्रश्नचिन्ह फोनमध्येही होतं.
दोन बोटं सरकवली की सापडतं.

परतल्यावर दस्तगीर मुजावरचं कळलं.
शिलाई मशिनी माडीवर नेत होता.
चौथं मशीन, आठवी पायरी.
उजवं मनगट. कात्री धरतो तो हात.

भेटायला गेलो. चिडला असता तर बरं झालं असतं.
"सर, तसलं चौघांनी धाडलं हुतं. सोडून दिलं, झोपलो.
तुमचं आलं तवा उठलो.
तुमचं लिहिणं साफ असतंय.
म्हटलं, खरंच असणार."
चहा आला. मी तो सगळा प्यायलो.

मग माग काढत निघालो, फोनवरून, नदीच्या वरच्या अंगाला.
मला पलूसच्या साडूने पाठवलेलं,
त्याला कराडच्या एका कंपाउंडरने,
त्याला वाईतल्या कुणा बांगडीवाल्याने,
आणि त्याला एका नंबराने, जो लागत नाही.
कृष्णा वाईवरूनच येते. अजून वर गेलं
तर गोमुखाखाली हात धरता येतो,
पाणी बोटांना गार लागतं.
इथं नुसती रिंग. मग तीही नाही.

संध्याकाळी शुद्धिपत्र लिहिलं:
'रात्रीची बातमी खोटी होती. न बघता पाठवली.
मी पाठवली. पुलावर अठरा फूट.'
नऊ जणांनी वाचलं.
एकाने गुलाबाचं फूल टाकलं, शुभ संध्याकाळ म्हणून.
धरण मात्र अजून फिरतंय, मिरजेला, कुपवाडला,
माझ्या वेलांट्या लेवून.
परवा ते मला माझ्याच मेहुणीने पाठवलं,
खाली लिहिलं होतं, काळजी घ्या भाऊजी.

काल पुन्हा दस्तगीरकडे.
प्लास्टरवर निळ्या पेनाने कुणी लिहिलंय:
'अब्बु लवकर बरे व्हा'
माझी बोटं सवयीने खिशातल्या पेनाकडे गेली
आणि तिथंच राहिली.
लिहिणारी समोरच बसली होती,
टोपण चावत.