दट्ट्यापुरती जागा

उद्यमबागेत दुपारी तीनला वीज जाते,
सगळी लेथ एकदम गप्प होतात,
आणि मग कळतं गिऱ्हाईक काय म्हणतंय ते.

भरमाणी हुंदरे, वय चोवीस,
टेबलावर फोन ठेवतो. पडद्यावर
एच आकाराचे रॉड, निळसर, आरशासारखे,
आणि डोक्यावर घुमट असलेले पिस्टन.
"काका, हेच घालायचं. साडेअकराचं कॉम्प्रेशन.
एस्टीम आहे म्हणून काय झालं,
लोकांनी वळून बघाय पाहिजे."

जातोस कुठं?
"मच्छ्याला. कारखान्यात. पहिली पाळी."
आणि?
"महिन्यातनं एकदा गोव्याला, चोर्ल्यानं. चौघं."
आणि?
तो फोनकडं बघत बसला.

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून
एक वाकडा रॉड आहे. त्यानं ब्लॉकला खिडकी पाडली होती,
हत्तरगीच्या अलीकडं, पहाटे. गाडी माझी.
पिस्टन भारीतले घेतले होते,
बोल्टांचे पैसे वाचवले होते.
त्या खिडकीतून हात घालून मी क्रँक चाचपली.
अजून गरम होती.

रॉड दाबानं मरत नाही रे, ताणानं मरतो.
पिस्टन वर पोचतो, त्याला तसंच पुढं जायचं असतं,
आणि रॉडला त्याला ओढून खाली आणायचं असतं.
मिनिटाला सहा हजार वेळा.
तेवढं ओढायला
दोन बोल्ट, करंगळीएवढे.

तर ठरलं असं:
रॉड कंपनीचेच, भेग तपासून,
छर्ऱ्यांच्या माऱ्याखालून काढून. बोल्ट नवे, महागातले.
पिस्टन फोर्ज्ड, पण माथा सपाट.
कॉम्प्रेशन दहा. पंपावरचं पेट्रोल आहे ते आहे,
चोर्ल्याच्या चढाला चौघांना घेऊन
इंजिनानं दात खायला नकोत.
भरमाणीचं तोंड उतरलं.
घुमट नाही म्हणून असावं.

बोअर मोजायला शिवलिंग बडिगेर.
गेज आत सोडतो, डोळे मिटतो, उघडतो,
म्हणतो, ऐदु. मी वहीत पाच लिहितो.
ऐदूवरे. साडेपाच.
एकवीस वर्षं तो कानडीत मोजतो, मी मराठीत लिहितो,
शंभराव्या हिश्श्याचीही चूक झालेली नाही.
"एवढं ढिलं?" भरमाणी म्हणाला.
शिवलिंगनं गेज पुसलं.
"बेळीबेकल्ला," म्हणाला.
आणि त्याला कळलं नसेल म्हणून,
"तापल्यावर वाढायला नको?"

वजनाला शहापूरला, रेवणकरांच्या पेढीवर.
त्यांचा काटा माझ्या काट्यापेक्षा खरा.
आधी मोठं टोक, मग छोटं, दोऱ्याला टांगून,
चार रॉड, आठ वजनं.
मणी ओवून घ्यायला आलेली बाई विचारते,
"हे कुणाच्या अंगावर घालायचं?"
तिसरा रॉड पावणेतीन ग्रॅम जड निघाला.
तिथंच पायरीवर बसून घासला.
पडलेला कीस रेवणकरांनी सवयीनं
मोराच्या पिसानं कागदावर गोळा केला,
पुडी बांधली, आणि मग हसले.

डिसेंबरात, पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी फोन.
अनगोळच्या गल्लीतून. मागं इंजिन,
टक् टक् टक् टक्,
थंड पत्र्यावर कुणी अंगठी आपटावी तसं.
वरच्या माडीवरून बाईचा आवाज,
"काय वाजूलंय गा ते?"
"काका, वाजूलंय," भरमाणी म्हणाला. रडवेला.

गॅस देऊ नको. थांब.

फोन कानाला धरून दोघं ऐकत राहिलो.
माझा चहा उतू गेला.
टक् टक्.
मग टक् हलकं झालं,
मग कधी गेलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"थांबलं," तो म्हणाला.
थांबलं नाही, भरलं, म्हणणार होतो.
म्हणालो, पाळी चुकेल, जा.