डोमाजींचा नारळ

शाळेच्या बोअरची जागा पाहायला
डोमाजी नेहारे आले सकाळी सातला,
तोंडात पाण्याचा थेंब नाही.
पाणी लागेस्तोवर प्यायचं नाही, ही त्यांची रीत.

चपला पऱ्हाटीच्या कुंपणापाशी,
तळहातावर आडवा नारळ.
खिचडीच्या खोलीमागे तो उभा झाला.
"इथीच. दोन इंच."

मी मोबाईल काढला. उगाच.
गाव सांगितलं, दगड सांगितला,
मागच्या दोन कोरड्या बोअरी सांगितल्या.
पाणी लागेल, असं वाटतं ना तुला?
हो, म्हणाला, शक्यता चांगली आहे.

सातवीतल्या सेजल उईकेने तो हातातून घेतला
आणि उलटं विचारलं,
"नाईच लागत न इथं पाणी?"
तुमची शंका रास्त आहे, म्हणाला, शक्यता कमीच.
"मॅडम, हा तं ज्याच्या हाती त्याचा!"
पोरं हसली.

मला हसू आलं नाही.
केंद्रप्रमुखांसमोर मी म्हणते, पट वाढतोय.
घरी म्हणते, पुढल्या साली शाळा राहत नाही.
दोन्ही वेळा मनापासून.

डोमाजींना विचारलं, नारळाला कळतं?
"नारळाले काय कळते, मॅडम.
अन् घरून निघतानी मलेबी काईच माहीत नसते.
थो उठला का मंग मी मानतो.
मानलं का तहान आपली."

तहान.
मोबाईलला हे विचारलं नाही.
विचारलं असतं तर तहानेवरही
त्याने सुरेख परिच्छेद दिला असता
आणि मी तो फळ्यावर उतरवलाही असता.
पण तहान नाही म्हणून मानणंही नाही,
असं ठासून म्हणायला मी कोण?
डोमाजींच्या आतलंही मला कुठे दिसलं.
दिसले ते ओठ,
दुपारी दोनला, भेगाळलेले.

मशीनने लाल मुरूम ओकला,
मग काळ्या दगडाचं पीठ.
दोनशे. अडीचशे.
गाडी तमिळनाडूची, ड्रायव्हर तिकडचा,
त्याला काय वाटतं ते कोणी विचारलंच नाही.
तीनशे दहाला राखाडी चिखल,
मग पाणी. अर्धा इंच.

सेजलने कळवलं. अभिनंदन! म्हणाला.
"पण सांगतलं होतं दोन इंच."
क्षमस्व, म्हणाला, तेवढ्याच तत्परतेने,
त्याने तर इंच सांगितलेच नव्हते.

डोमाजींनी पैसे घेतले नाहीत.
पेला ओठांपर्यंत नेला, थांबले.
"दीड इंच माह्याकडं बाकी राह्यलं,"
आणि अर्धाच प्यायले.

नारळ पोरांनी पायरीवर फोडला.
आत पाणी होतं.
त्याबद्दल दिवसभरात
कुणी कुणालाच विचारलं नव्हतं.