उलटी पोहणारी मासोळी

पाठ सातवा, पान एकतीस.
सगळ्या मासोळ्या धारेसोबत चालल्या होत्या,
एक म्हणे मधेच वळली.
बाकीच्या हसल्या. ती पोहत राहिली,
थेट झऱ्याच्या तोंडाशी पोचली, निवळशंख पाण्यात.
आणि शेवटच्या परिच्छेदात
सगळ्याच वळल्या, तिच्या मागोमाग.

मी फळ्यावर बोध लिहून दिला:
'चारचौघांसारखे न वागता आपण आपली वेगळी वाट निवडावी.'
'वेगळी'वर खडू मोडला,
पुन्हा गिरवलं.
एकोणतीस पोरांनी उतरवून घेतलं
काना-मात्रा न चुकता.
हितेश कापगतेनं तर
खडू मोडला तिथली आडवी रेघसुद्धा.

मी अकोल्याकडचा, खारपाणपट्ट्यातला.
आमच्याकडे पाणी पिववत नाही, तिथं मासा कुठून?
इथं शाळेच्या मागेच मामा तलाव,
पाळीवर ऐन आणि मोह,
आणि मी तीन वर्षं खिडकी लावून शिकवतो,
कारण वारा आला की तक्ते उडतात.

रात्री वह्या घेऊन बसलो. लाइट गेलेली,
मोबाइल तांब्याला टेकवून उजेड केला.
एकोणतीस वेळा वेगळी वाट.
एकोणतीस वेळा तीच लाल टिक.
हात आपसूक चालला होता
नांगराच्या बैलासारखा, तासातून तास.

तिसावी वही यामिनी वलथरेची.
ती चार दिवस शाळेत नव्हती,
आईसोबत धानाच्या कडपा उचलायला गेलेली.
आली तेव्हा फळा पुसलेला होता.
म्हणजे पाठ तिनं एकटीनंच वाचला असणार.
तिनं लिहिलं होतं:

'मले या गोष्टीचा बोध भेटला नाही.
उलट्या धारेनं एक मासोळी नाही जात, सगळ्याच जातात.
सांडव्यातून पाणी पडते तेव्हा
बोटऱ्या, शिंगूर, काटवे, सगळे चढतात.
माझे बाबा तिथंच कामट्यांचा सापळा लावतात.
ज्यानं गोष्ट लिहिली त्यानं ते पायलं नसन.
वेगळी मासोळी मी एकच पायली.
ती चढली नाही, उतरली पण नाही.
तुडुमाजवळ गवतात उभी होती.
मरळ होती. वर लाल लाल पिल्ले.
बाबानं हात घातला
आन काढून घेतला.'

खाली जागा उरली होती. तिथं
पेन्सिलीनं सापळ्याचं चित्र,
तोंड कुठं, पाणी कुठून, बाण काढून.

मी टिक केली.
मग पाहिलं, ती टिक एकोणतिसांसारखीच होती.
खोडली.
खोडल्यावर ती फुलीसारखी दिसायला लागली.
शेवटी पान इतकं लाल झालं
की वही मिटून उशाशी ठेवली.

शुक्रवारी केंद्रप्रमुख आले. चहा झाला,
रजिस्टर उघडलं.
'अध्ययन निष्पत्ती साध्य: तीसपैकी एकोणतीस.
ही एक कोण राहिली, गुरुजी?'
मी म्हटलं, राहिली ती मीच आहे बहुतेक.
ते हसले. त्यांना वाटलं विनोद.
तीस करून घ्या, म्हणाले, वरून विचारतात.
केले तीस.

दुपारी यामिनी वही घेऊन आली.
'सर, हे बरोबर आहे का चूक?'
लाल चिखल बोटानं दाखवत होती.
मी म्हटलं, मला माहीत नाही गं.
मी पाहिलं नाही कधी.

तिनं माझ्याकडे पाहिलं,
जसं बाजारात वजनकाट्याकडे पाहतात.
मग म्हणाली,
'मिरग लागल्यावर या मंग. रातीच या लागते.
चप्पल काढून या.
आन बॅटरी आणजा, मोबाइल नका आणू,
पडते पाण्यात.'