टिनाखाली, दुपारी अडीच

नवतपाचा तिसरा दिवस. वरोऱ्यापासून आत, अकरा किलोमीटर.
"आधी मोजू, मग काय घ्यायचं ते ठरवू," म्हटलं
तर कुसुमबाई नैताम हसल्या:
"मोजाले काय हाय त्यात? गरम हाय."

यंत्र टिनाकडे धरलं. एकसष्ट.
पश्चिमेची भिंत पंचेचाळीस.
माठ सत्तावीस,
आणि माठाच्या बुडाशी, ओल्या रेतीत, मांजर.
तिला यंत्र लागलं नव्हतं.

उदबत्ती घेऊन दारंखिडक्या फिरले,
धूर कुठे वाकतो ते लिहीत.
मागच्या चौकटीशी तो एकदम आडवा झाला.
"इथूनच साप येते रातच्यानं."
तेही लिहिलं.

मग सगळी बटणं बंद.
कूलर थांबला तेव्हा कळलं
टिन फुगताना टक् टक् वाजतं ते.
मीटरचा लाल ठिपका मात्र लुकलुकतोच आहे.

शोधत कोठीत गेलो.
तुराट्यांच्या भाऱ्यामागे फ्रिज, दार सुतळीनं बांधलेलं.
आत इन्सुलिनच्या तीन बाटल्या.
"शेवंताच्या हायत. तिची लाईन कापली ना."

अहवाल: टिनाला चुन्याचे दोन हात.
पश्चिमेला दोडक्याचा मांडव.
चौकटीची फट बुजवा, आजच.
मोठा कूलर नको (हे दोनदा लिहिलं,
मुलगा नागपूरहून आणतो म्हणाला आहे).
फ्रिज: 'बदला' लिहिलं होतं, खोडलं.
दाराचं रबर नवं बसवा.

"मग? घर पास का नापास?"
मी म्हटलं, मांजर पास.