वोबिगॉन

दर शनिवारी मी फळ्यावर एक अवघड शब्द लिहायची.
आठवीतल्या हिवराज कापगतेनं तो मधोमध फोडला,
जळतण फोडतात तसा.
वो म्हणजे दुःख, बिगॉन म्हणजे चालतं हो.
उत्तर: दुःखा, निघ इथून.
मी लाल शाईनं बरोबर केलं. दोनपैकी दोन.
बाजूला 'छान' असंही लिहिलं.

आमच्या घरात इंग्रजीचा एक जोडशब्द
त्याच्याही आधी शिरला होता, सिकलसेल.
सुकेशिनी हसायची. "बाई, अर्धा शब्द तं आपलाच हाय,
विळा. धान कापाले लागते तो."
मग पौषात, भंडाऱ्याच्या दवाखान्यात,
तिनं शेवटचं मागितलं ते कोमट पाणी.
मी थर्मास घेऊन येईपर्यंत

पुण्यानुमोदन झालं. पाहुणे गेले. सतरंजी झटकली.
शाळेच्या कपाटातला जाड कोश घरी आणला,
वाळवीनं कडा खाल्लेला, रजिस्टरात सही न करता.
म्हणायचं होतं मला एकदा, निघ इथून.
नीट उच्चारासकट.

कोशात वेगळंच होतं.
बिगॉन म्हणजे 'जा' नव्हे.
जुन्या इंग्रजीत ते 'भोवती गेलेलं',
चारी बाजूंनी फिरून वेढलेलं.
शेकडो वर्षांपूर्वी तिकडं कुणी म्हणायचं,
मला दुःखानं वेढलंय.
मी नाही. मला.
आपल्यासारखंच की. मला ताप आला. मला तहान लागली.
मला सुकेशिनी आठवली.
कर्ता दुसराच कुणी,
आपण नुसते प्रत्ययाला धरून उभे.

खिडकीबाहेर लिल्हाऱ्यांच्या खळ्यात पात फिरत होती.
औंदा त्यांचा ट्रॅक्टर बिघडला, म्हणून बैल.
तोंडाला मुसकी, पायाखाली धान,
मेढीला फेरे घालत चौघं.
मेढ काही करत नाही.
रोवलेली असते, एवढंच.

हिवराज आता बुटीबोरीला, रातपाळीला.
फोन लावला. म्हटलं, तुझं ते उत्तर चुकलं होतं रे.
मशीनचा आवाज. मग तो:
"मंग कापा ना मार्क, म्याडम."
पुन्हा मशीन.
"ताईचं आयकलं मी. याले पाह्यजे होतं."

मी म्हटलं, राहू दे, दोनच.
कोश अजून परत केलेला नाही.